कृती आधी की पाठ? : ग्रंथविवरणाच्या नव्या प्रतिमानाची वाङ्मयीन झडती

१

मराठी समीक्षेत ग्रंथसूचीला मान आहे, विचारात स्थान नाही. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या कालखंडाची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांच्या कित्येक पिढ्या तिच्या आधाराने वाढल्या. परंतु सूचीतली एखादी नोंद ग्रंथाविषयी, लेखकाविषयी आणि पर्यायाने वाङ्मयाविषयी काय गृहीत धरते, हा प्रश्न समीक्षकांनी क्वचितच विचारला. सूची हे हमालीचे काम आणि सिद्धान्त हे बुद्धीचे, अशी एक न बोललेली जातिव्यवस्था मराठी ज्ञानव्यवहारात मुरलेली आहे. तिची किंमत आता मोजावी लागणार आहे.

गेल्या पाव शतकाहून अधिक काळ जगभरच्या ग्रंथालयांत ग्रंथविवरणाची जी नवी व्यवस्था आकाराला येत आहे, तिने 'कृती म्हणजे काय', 'एक कृती कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते', 'लेखक कोणाला म्हणावे' या प्रश्नांची उत्तरे देऊन टाकली आहेत. ही उत्तरे एखाद्या चर्चासत्रातल्या निबंधासारखी ऐकून विसरून जाण्याजोगी नाहीत. ती संगणकाच्या आज्ञावलीत उतरतात आणि पुढे कोणी, काय, कोणत्या नावाने शोधले असता सापडावे, हे ठरवतात. ज्या दशकात मराठी चर्चासत्रांतून लेखकाच्या मृत्यूची वार्ता उत्साहाने सांगितली जात होती, त्याच दशकाच्या अखेरीस, १९९८ मध्ये, ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, एफआरबीआर या नावाने ओळखला जाणारा अहवाल प्रसिद्ध केला आणि लेखकाला व त्याच्या अमूर्त कृतीला नव्या वाङ्मयव्यवहाराच्या पायात बसवले. एकीकडे लेखकाचे श्राद्ध चालले होते, दुसरीकडे त्याची प्राणप्रतिष्ठा. या दोन विधींचे यजमान एकमेकांना ओळखतही नव्हते.

२

हे स्थित्यंतर नेमके कशाकडून कशाकडे आहे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. जुनी व्यवस्था नोंदीवर उभी होती. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथसंग्रहासाठी पानित्सी यांनी केलेले ९१ नियम १८४१ मध्ये छापले गेले, तेव्हापासून ग्रंथविवरणाचा प्रश्न 'नोंद कशी लिहावी' असाच मांडला जात असे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली 'मार्क' ही संगणकीय पद्धती तयार झाली. तिने कागदी कार्ड यंत्रात नेले. पण ते कार्डच राहिले. लेखकाचे नाव १०० या क्रमांकाच्या रकान्यात, शीर्षक २४५ या रकान्यात, आणि जे कोठेच बसत नाही ते टीपेत. एका ग्रंथाची पाच भाषांतरे असतील तर पाच स्वतंत्र नोंदी. त्यांचे परस्परांशी असलेले नाते बहुधा वाक्यात लिहिलेले. माणसाला कळणारे, यंत्राला न कळणारे.

नवी व्यवस्था नोंद कशी लिहावी, येथून सुरुवात करत नाही. विवरणविश्वात कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत आणि त्यांच्यात कोणती नाती संभवतात, याचे एक प्रतिमान ती आधी सिद्ध करते. लेखनपद्धती, रकाने, संगणकीय रूप हे सारे त्यातून नंतर निष्पन्न व्हावे, अशी तिची अपेक्षा असते. सामाजिक सर्वेक्षणांच्या सामग्रीचे विवरण करणारे 'डीडीआय' हे संशोधनक्षेत्रातले प्रमाणकही याच दिशेने वळले आहे. ग्रंथांच्या बाबतीत एफआरबीआर आणि त्याची दोन भावंडे एकत्र करून इफ्लाने २०१७ मध्ये 'एलआरएम' हे प्रतिमान संमत केले. त्यात एकंदर ११ घटक आहेत. त्यांतले चार वाङ्मयाभ्यासकाच्या दृष्टीने कळीचे : अमूर्त 'कृती', शब्दांच्या वा अन्य चिन्हांच्या विशिष्ट रचनेतून होणारा तिचा 'आविष्कार', म्हणजे पाठ, त्या पाठाला ज्यातून भौतिक अस्तित्व मिळते ते 'मूर्तरूप', उदाहरणार्थ एखादी छापील आवृत्ती, आणि हाती धरता येणारी 'प्रत'.

या बदलाला सरसकट विरोध करणे हा अडाणीपणा ठरेल. नोंदीची व्यवस्था ग्रंथाला बाजारात आलेली वस्तू मानत होती. भाषांतर, रूपांतर, संपादन, पाठभेद या वाङ्मयाच्या जिवंत नात्यांना तिच्यात अडगळीची जागा होती. प्रतिमानाने ही नाती मध्यभागी आणली, हे त्याचे श्रेय आहे. प्रश्न प्रतिमान हवे की नको, हा नाहीच. कोणते प्रतिमान, आणि त्याच्या पोटात कोणता वाङ्मयसिद्धान्त दडलेला आहे, हा खरा प्रश्न आहे.

३

प्रतिमानकर्ते सांगतात की त्यांनी वाङ्मयसिद्धान्त मांडलेला नाही, वाचकाला काय हवे असते याचे विश्लेषण तेवढे केले आहे. हा दावा टिकणारा नाही. एलआरएममधली नाती संख्यांनी बांधलेली आहेत. एका कृतीचे आविष्कार अनेक असू शकतात. पण प्रत्येक आविष्कार एका आणि एकाच कृतीचा असला पाहिजे. एका वस्तूची नावे अनेक असू शकतात. पण नावाचा प्रत्येक घटक एका आणि एकाच वस्तूचा असला पाहिजे. व्यक्ती म्हणून ज्याची नोंद होईल तो प्रत्यक्ष होऊन गेलेला, निदान तसा मानला गेलेला, माणूस असला पाहिजे. हे तीन नियम एकत्र वाचले म्हणजे त्यांतून उभी राहणारी आकृती ओळखीची वाटू लागते. एक ओळखता येणारा माणूस, त्याच्या मनातली एक अखंड कल्पना, आणि तिची पुढे शब्दांत, मुद्रणात, प्रतींत होत गेलेली उतरण. स्वच्छंदतावादाने युरोपात रूढ केलेली आणि मुद्रणसंस्कृतीने व स्वामित्वहक्काच्या कायद्याने पक्की केलेली ही लेखकाची मूर्ती आहे. तिला 'घटक' आणि 'संबंध' अशी तटस्थ नावे दिल्याने ती तटस्थ होत नाही.

ही आकृती निसर्गदत्त नाही याचा पुरावा प्रतिमानकर्त्यांच्याच घरात सापडतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'मार्क'ची जागा घेण्यासाठी 'बिबफ्रेम' नावाचे दुसरे प्रतिमान तयार केले. त्याचा पहिला आराखडा २०१२ मध्ये आला आणि सुधारित रूप २०१६ मध्ये. त्यात पायऱ्या चार नव्हेत, तीन आहेत. आविष्काराला त्यात स्वतंत्र पायरी नाही. म्हणजे पाठ ही स्वतंत्र वस्तू आहे की कृतीचाच एक प्रकार, याबद्दल दोन मातब्बर प्रतिमानांत एकवाक्यता नाही. जे वस्तुस्थितीचे निव्वळ वर्णन असते त्याच्या पायऱ्यांची संख्या संस्थेगणिक बदलत नाही. बदलतो तो सिद्धान्त. आणि सिद्धान्त आहे म्हटल्यावर त्याची झडती घेणे हे समीक्षेचे काम ठरते.

४

मराठी वाङ्मयपरंपरा ही या झडतीसाठी फार चांगली भूमी आहे, कारण तिच्यातले प्राचीन वाङ्मय या आकृतीत सहजासहजी मावत नाही.

'नामा' ही मुद्रा घ्यावी. नामदेवाच्या नावावर असलेल्या अभंगराशीत पुढच्या काळातल्या विष्णुदास नाम्याची रचना मिसळलेली आहे, हे मराठी अभ्यासकांना जुनेच ठाऊक आहे. कोणता अभंग कोणाचा, याचा निवाडा काही ठिकाणी होतो, पुष्कळ ठिकाणी होत नाही. परंपरेने तो करण्याची घाईही केली नाही. मुद्रा हीच तिच्या दृष्टीने पुरेशी स्वाक्षरी होती. एलआरएमच्या नियमाने मात्र या मुद्रेचे दोन घटक करावे लागतात, एक नामदेवाचा आणि एक विष्णुदास नाम्याचा, आणि कर्ता नोंदवायचा तर प्रत्येक अभंग त्यांपैकी एकाच्या पदरात टाकावा लागतो. परंपरेने जेथे संदिग्धता जपली तेथे सूचिकाराला निवाडा देणे भाग पडते. हा निवाडा पाठचिकित्सेतून आलेला नसतो. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून आलेला असतो.

जनाबाईच्या बाबतीत ही अडचण अन्यायाचे रूप घेते. तिचे अभंग प्रामुख्याने नामदेवगाथेच्या पोटातून आपल्यापर्यंत आले. प्रतिमानाचा ग्रंथ काटेकोरपणे वाचला तर तिच्या प्रत्येक अभंगाला स्वतंत्र कृतीचा दर्जा मिळाला पाहिजे, कारण संकलनाकडे पाहताना एलआरएम संकलकाची कृती आणि संकलित कृती यांत भेद करते. तत्त्वतः हे उत्तम आहे. नोंदीच्या जुन्या व्यवस्थेत हा न्याय क्वचितच मिळत होता. परंतु एकेका अभंगाची कृती म्हणून नोंद करण्याइतके मनुष्यबळ कोणत्या ग्रंथालयाकडे असणार? जुन्या नोंदी नव्या प्रतिमानात नेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर यंत्राकडे सोपवावे लागते आणि यंत्राजवळ जुळणी करण्यासाठी मुख्यतः लेखकाचे नाव आणि शीर्षक एवढेच असते. लेखक नामदेव, शीर्षक गाथा. झाली एक कृती. दासी म्हणून जी त्या घरात राहिली, ती प्रतिमानातही त्या घराच्या उंबऱ्याआडच राहते.

तुकारामाच्या गाथेचेही असेच आहे. सरकारी साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली आणि १८७३ मध्ये पूर्ण झालेली आवृत्ती साडेचार हजारांहून अधिक अभंगांची. तुकाराम तात्या पडवळ यांनी १८८९ मध्ये काढलेली आठ हजारांहून अधिक अभंगांची. या दोन्ही 'तुकारामगाथा' या एकाच कृतीच्या आवृत्त्या म्हणाव्यात काय? जवळजवळ दुप्पट होणारी ती अमूर्त कृती कोणाच्या मनात, केव्हा अखंड होती? वारकऱ्याच्या कंठात, टाळकऱ्याच्या वहीत आणि देहूच्या व पंढरपूरच्या पोथ्यांत जे पसरलेले होते, त्याला संपादकांनी आपापल्या निकषांनी कुंपण घातले. तेथे पाठ आधी आहेत. कृती ही त्यांच्याकडे पाहून मागाहून केलेली एक रचना आहे. प्रतिमान हा क्रम उलटा करते आणि मागाहून आलेल्याला मूळ म्हणते.

'लीळाचरित्र' तर या उलट्या क्रमावरचे उत्तरच आहे. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या वा ऐकल्या त्यांच्याकडून त्या गोळा केल्या. महानुभाव परंपरेनुसार ती मूळ पोथी पुढे परचक्रात नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणाच्या आधाराने पुन्हा सिद्ध झाला. हिराइसा, परशरामबास यांच्या नावांनी त्याचे पाठ ओळखले जातात. विशेष हे की एखाद्या लीळेविषयी निराळी आठवण असेल तर पोथ्या ती दडपत नाहीत. 'वासना' म्हणून तो पाठभेद तेथेच नोंदवला जातो. चौकशीअंती कळलेले 'शोधु' म्हणून येते. कोणाच्या सांगण्यावरून, हेही सांगितले जाते. सात शतकांपूर्वीच्या या पंथाला विवरणाचा जो विवेक होता तो असा की मूळ हाती नसताना मूळ असल्याचे सोंग आणू नये. साक्ष लिहावी, आणि साक्षीदारही लिहावा. एलआरएममध्ये कृतीचे गुणधर्म ठरवण्यासाठी तिचा एखादा आविष्कार प्रातिनिधिक मानण्याची सोय आहे. 'लीळाचरित्रा'चा प्रातिनिधिक पाठ कोणता, असा प्रश्न ती परंपरा ज्या रीतीने निकालात काढते, ती रीत या सोयीहून अधिक शास्त्रीय आहे.

हा प्रश्न केवळ प्राचीन वाङ्मयाचा, असे समजून आधुनिकांच्या अभ्यासकांनी सुटकेचा निःश्वास टाकू नये. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या लोकांपुढे येत आहेत. तेथे ओवीसोबत गाणारी बाई, तिचे गाव, ध्वनिमुद्रणाची तारीख असते. कृतीचा कर्ता हा रकाना तेथे निरर्थक आहे. कोणी, कोठे, केव्हा गायिली हाच तिचा पत्ता. ज्या प्रतिमानात प्रत्येक पाठाला आधी अमूर्त कृतीचे दार ओलांडावे लागते, त्यात या लाखभर ओव्यांना एक तर खोटे मूळ चिकटवावे लागेल, नाही तर 'लोकगीते, अनामिक' या गोणीत भरावे लागेल. नाव असलेल्या बाईला अनामिक करण्याचा हा सुशिक्षित मार्ग होय.

५

या युक्तिवादावर तीन आक्षेप येतील.

पहिला आक्षेप असा की प्रतिमान हे व्यवहाराचे साधन आहे. त्याच्याकडून सत्त्वमीमांसेची अपेक्षा करणे चुकीचे. पण साधन असल्याचा बचाव तेव्हाच मान्य करता येतो, जेव्हा साधन आपली मर्यादा सांगते. येथे साधन स्वतःला सार्वत्रिक म्हणवते. ग्रंथालयांचे जाळे, आंतरराष्ट्रीय सूची, शोधयंत्रे त्यावर उभी राहू लागली की जे त्यात मावत नाही ते केवळ गैरसोयीचे राहत नाही. ते अदृश्य होते.

दुसरा आक्षेप अभिमानी आहे. असे म्हटले जाईल की हे सर्व आपल्याकडे आधीच होते. द्विबिंदू वर्गीकरणाचे जनक रंगनाथन यांनी ग्रंथाकडे आत्मा, सूक्ष्म शरीर आणि स्थूल शरीर अशा त्रयीने पाहिले होते. पश्चिमेने ते उशिरा शोधले. गोष्ट खरी, निष्कर्ष पोकळ. आत्मा आधी, देह नंतर, आणि एकच आत्मा अनेक देह धारण करतो, ही मांडणी वेदान्ताच्या परिभाषेत केली काय आणि युरोपीय चिद्वादाच्या परिभाषेत केली काय, पाठाचे दुय्यमत्व तेवढेच राहते. जनाबाईला पाश्चात्त्य प्रतिमानाने गिळले म्हणून दुःख आणि देशी प्रतिमानाने गिळले म्हणून समाधान, असा हिशेब करता येत नाही. प्रश्न देशी-परदेशीचा नाही. कल्पनेला साक्षीच्या आधी बसवण्याचा आहे.

तिसरा आक्षेप निराशेचा आहे : ठरवणारे ठरवून बसले, आता मराठी विभागांनी बोलून काय होणार? तो वस्तुस्थितीलाही धरून नाही. संग्रहालयांच्या क्षेत्रातले 'सिडॉक सीआरएम' हे प्रतिमान २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणक झाले. ते वस्तूऐवजी घटनेला केंद्रस्थानी ठेवते आणि एखाद्या वस्तूला गुण वा कर्तृत्व चिकटवणे हीदेखील कोणी तरी, केव्हा तरी केलेली घटना म्हणून नोंदवण्याची तरतूद त्यात आहे. म्हाइंभटाच्या परंपरेला ही तरतूद परकी वाटली नसती. ग्रंथालयांचे प्रतिमान या घटनाकेंद्री भाषेत उतरवण्याचे प्रयत्नही झाले. मात्र त्यांतही कृतीचे संकल्पन ही पहिली घटना आणि पाठाची निर्मिती ही दुसरी, हा क्रम कायम राहिला. दार उघडे आहे. उंबऱ्यावरचा जुना देव तेवढा हललेला नाही.

६

तेव्हा मागणी नेमकी करायला हवी. पाठाला कृतीची वाट न पाहता स्वतंत्रपणे नोंदवण्याचा अधिकार असला पाहिजे. कृती ही सक्तीची पायरी नव्हे, अभ्यासान्ती करावयाचे आणि मागे घेता येणारे विधान ठरले पाहिजे. मुद्रेला व्यक्तीत विलीन न करता मुद्रा म्हणून नांदू दिले पाहिजे. 'नामा' कोण, याची दोन वा तीन उत्तरे एकाच वेळी नोंदीत राहू शकली पाहिजेत. आणि प्रत्येक कर्तृत्वनिर्देशाला साक्षीदार असला पाहिजे : कोणी म्हटले, कोणत्या पोथीवरून, केव्हा. एकनाथाने शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली 'ज्ञानेश्वरी' आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून छापलेली 'ज्ञानेश्वरी' यांतले नाते 'एकाच कृतीचे दोन आविष्कार' एवढ्यावर मिटवणे म्हणजे एका मोठ्या वादाचा इतिहास एका बाणाने पुसून टाकणे आहे. 'एकनाथपूर्व' हे राजवाड्यांचे विधान आहे. ते त्यांच्याच नावावर राहिले पाहिजे.

ही मागणी संगणकतज्ज्ञ करणार नाहीत. त्यांना तिची गरज कोणी सांगितलेली नाही. ग्रंथपाल एकटे करू शकणार नाहीत. पाठचिकित्सा हा त्यांच्या शिक्षणाचा भाग नाही. ती ज्यांनी करायची त्या मराठी विभागांत पाठचिकित्सेची तासिका अभ्यासक्रमातून मागे सरकत गेली आणि सूची ही प्रबंधाच्या शेवटी जोडायची बाब होऊन बसली. पदव्युत्तर विद्यार्थ्याला संरचनावादाची परिभाषा घोकवली जाते. पण गाथेची एक नोंद पुढ्यात ठेवून ती कोणता वाङ्मयसिद्धान्त बोलते आहे, हे विचारले जात नाही. पोथ्यांचे आणि जुन्या मुद्रितांचे संगणकीकरण सुरू आहे. प्रत्येक पोथीसोबत विवरणाचा एक तक्ता भरला जातो आणि त्या तक्त्याची पहिली ओळ बहुधा 'कर्ता' ही असते. ती ओळ पहिली का असावी, हा प्रश्न तक्ता भरून होण्याआधी विचारला तरच त्याला काही अर्थ आहे.